ओवीखालची साळू

१ जानेवारी २०४७ रोजी सकाळी साळू सगळ्यांची झाली. आदल्या दिवसापर्यंत ती एका कंपनीच्या मालकीची होती. ती कंपनी तीनदा विकली गेली होती आणि शेवटी बुडाली होती. तिचे हक्क कोणाच्या पदरात पडले हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तरीही कायद्याच्या दृष्टीने साळूला मालक होता, आणि त्या अज्ञात मालकाच्या परवानगीवाचून तिला कोणी हात लावू शकत नव्हतं.

कोल्हापूरच्या दृक्‌श्राव्य संग्रहालयात वर्षाचा पहिला दिवस 'खुला दिवस' म्हणून पाळला जाई. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम ज्या वर्षी दाखवला गेला, त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्यावर निर्मात्याचा हक्क राहतो. ती मुदत संपली की कार्यक्रम सर्वांचा होतो. त्या दिवशी संग्रहालयाची दारं उघडत, अंगणात खुर्च्या मांडल्या जात आणि त्या वर्षी मोकळे झालेले कार्यक्रम पडद्यावर दाखवले जात. यंदाच्या यादीत १९८६ सालचं 'साळूचं बीळ' हे नाव होतं. त्याच्यासमोर मात्र 'प्रत उपलब्ध नाही' असा शेरा होता.

तो शेरा मृदुला चौगुले यांनी स्वतःच लिहिला होता. मृदुलाताई तंत्रनिकेतनातून शिकून बाहेर पडल्या त्या चुंबकफितींच्या दुरुस्तीत शिरल्या, आणि निवृत्त झाल्यावरही संग्रहालयाने त्यांना सोडलं नव्हतं. त्यांची आई कुमुदिनी ही साळू नावाच्या साळिंदराची बाहुली नाचवणारी आणि तिला आवाज देणारी. मृदुलाताई तीन वर्षांच्या असताना ती तापाने गेली. तिचे फोटो होते, पण आवाज नव्हता. टेप त्या काळी महाग मिळत असे, म्हणून निर्मिती संस्था दाखवून झालेल्या कार्यक्रमावरच नवा कार्यक्रम मुद्रित करीत. साळूचे सगळे भाग असेच पुसले गेले होते. साठ वर्षांनी बेडी सुटली, पण बेडीत कोणी उरलंच नव्हतं.

"झाली का मोकळी?" घरी पोचताच आप्पांनी विचारलं.

आप्पा म्हणजे शामराव चौगुले, वय ब्याण्णव. साळूचे भाग करणाऱ्या निर्मिती संस्थेतच ते ध्वनिमुद्रक होते.

"झाली. पण दाखवायला काही नाही, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

फेब्रुवारीत एका बंद गोदामातून टेपांची खोकी संग्रहालयात आली. त्यातल्या एका पाऊण इंची टेपवर लेबल होतं : 'मायाप्पा येडगे, धनगरी ओव्या, १९८८'. पट्टी चिकट झाली होती. मृदुलाताईंनी ती पद्धतशीरपणे मंद आचेच्या भट्टीत सुकवली आणि शेवटाकडचा थोडासा भाग तपासणीसाठी हाताने फिरवून पाहिला. ओव्यांचा कार्यक्रम तिथे संपला होता, पण नवं मुद्रण जुन्यापेक्षा आखूड असलं की जुन्याचं शेपूट पट्टीच्या टोकाला तसंच राहतं. त्या शेपटातून एक किनरा, खोडकर आवाज आला : "उद्या या हं! बिळाचं दार उघडं आहे!" मग काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज, एक श्वास, आणि खरखर.

मृदुलाताईंनी पट्टी थांबवली. साळू कशी बोलायची याची आप्पांनी केलेली भसाडी नक्कल त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. खरी साळू त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

याचा अर्थ उघड होता. मायाप्पांच्या ओव्यांखाली, त्याच पट्टीवर, साळूचा एक भाग होता.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. टेपेवर लोहाच्या संयुगाच्या भुकटीचा थर असतो आणि त्यातला एकेक कण म्हणजे एक सूक्ष्म चुंबक. चित्राचा संदेश अतिजलद असतो. त्याच्या लहरी आखूड, म्हणून त्या थराच्या वरच्या कातडीतच मुरतात. आवाजाच्या लहरी लांब, त्या थरात खोलवर उतरतात. नवं मुद्रण करण्याआधी टेप मोठ्या विद्युतचुंबकावर फिरवून कोरी करायची, असा नियम होता. पण १९८८ साली घाईत कोणीतरी तो टाळला, आणि यंत्रातलं पुसणारं हेडही झिजलेलं असावं. वरचं सगळं पुसलं गेलं, पण तळाशी जुन्या आवाजाचा माग राहिला. शेणाने सारवलेल्या जमिनीखाली आधीचं सारवण राहतं, तसा.

हा माग ऐकू येण्याइतका बळकट नसतो. तो वाचण्यासाठी अलीकडे 'खोलवाचक' निघाला होता. त्याच्या टोकाशी हिऱ्याचा एक कण असे. हिऱ्याच्या जाळीतला एक कार्बनचा अणू काढून तिथे नायट्रोजनचा बसवायचा आणि शेजारची एक जागा रिकामी ठेवायची. अशा हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो तांबडा उजळतो, आणि सोबत सूक्ष्मलहरी दिल्या की त्या उजळण्यातल्या चढउतारांवरून जवळचं अत्यंत क्षीण चुंबकत्वही मोजता येतं. फक्त वरच्या मुद्रणाचा गोंगाट खालच्या कुजबुजीला दाबून टाकतो, म्हणून आधी वरची कातडी विचुंबकाने कोरी करावी लागते. खालचं ऐकायचं तर वरचं कायमचं घालवायचं.

"मग वरच्याची आधी नक्कल काढून ठेवू," असं कोणीही म्हणेल. मृदुलाताईही तेच म्हणाल्या.

संग्रहालयाचे संचालक फैयाज मुजावर यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, कायदा तुम्ही मला शिकवलात. वरचं १९८८ सालचं. ते खुलं व्हायला २०४९ चा जानेवारी उजाडावा लागेल."

"तोवर ही पट्टी राहत नाही. सुकवलेली टेप पुन्हा चिकटते. दुसऱ्यांदा भट्टीत घातली तर थरच सुटेल."

"ठाऊक आहे. पण मालकाच्या सहीशिवाय नक्कल नाही. आणि मालक सापडत नाही."

पूर्वी संग्रहालयांना जतनासाठी नक्कल काढता येत असे. पण अशाच नकला वाचून यंत्रं मेलेल्या गायकांकडून नवी गाणी म्हणवून घेऊ लागली, त्यावर मोठे खटले झाले आणि २०३९ च्या दुरुस्तीने ती वाट बुजवून टाकली. खोलवाचक तर कार्यक्रमाची तारीख तपासल्याशिवाय सुरूच होत नसे. मुदत न संपलेलं मुद्रण तो पुसू देई, पण वाचू देत नसे. कायद्याला चोराची भीती होती. मरणाऱ्या टेपेचा विचार करायला तो विसरला होता.

"आणि जुन्या यंत्रावर नुसती वाजवली तर?" मृदुलाताईंनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"ऐकणं हा गुन्हा नाही. पण जुन्या यंत्राचं हेड पट्टीला घासून फिरतं. या अवस्थेत एकदा वाजेल, आणि थर भुकटी होऊन खाली पडेल. वरचंही जाईल, खालचंही." मुजावरांनी चष्मा पुन्हा चढवला. "साळू आता खुली आहे. संहिता तुमच्या आईंची, तिच्या वारस तुम्ही. खोलवाचक लावायला कायद्याची काडीचीही आडकाठी नाही. फक्त आपला नियम. पुसण्याआधी कलाकाराच्या घरच्यांना कळवायचं."

"कळवा," मृदुलाताई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी एक चूक केली. घरी येऊन त्यांनी आप्पांना सगळं सांगून टाकलं.

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "भागाच्या सुरुवातीला लेव्हल असणार."

आवाज मुद्रित करण्याआधी त्याची पातळी जुळवावी लागते. त्यासाठी ध्वनिमुद्रक बोलणाऱ्याला काहीतरी बोलायला लावतो, आणि त्यांच्या संस्थेत रिवाज होता तो एकाच प्रश्नाचा : सकाळी काय खाल्लंत? मंत्री असो की शाहीर, प्रत्येकाने काचेपलीकडून आपली न्याहारी सांगायची.

"सगळे खरं सांगायचे," आप्पा म्हणाले. "तुझी आई कधी नाही. मुंग्यांचं लोणचं खाल्लं म्हणायची. चांदण्याचे पोहे म्हणायची. दोन वर्षं विचारलं मी. बाईने सकाळी खरं काय खाल्लं ते कळेना, म्हणून शेवटी लग्नच केलं."

"मग कळलं?"

"छे! लग्नानंतरही तेच."

लेव्हलचा हा तुकडा प्रसारणात जात नसे. तिथे साळू नसे, कुमुदिनी असे, स्वतःच्या आवाजात. दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले.

मायाप्पांच्या घरून दोघं आली. नात रेणुका येडगे जनावरांची डॉक्टर होती. तिच्यासोबत बिराप्पा काका होते, पंचाहत्तरीचे, डोक्याला पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी. मायाप्पांच्या मागे ते पोरवयापासून झील धरत, म्हणजे ओवीच्या ओळीचं शेवटचं अर्धं उचलून परत म्हणत.

मृदुलाताईंनी त्यांना सगळं समजावलं. काहीही झाकलं नाही.

"म्हंजे आज्जाच्या खाली तुमची आई हाय," रेणुका म्हणाली.

"हो."

"आन् आज्जाला काढल्याबिगर ती निघत न्हाई."

"नाही."

"मोबाईल लावून ठिवला तर?" बिराप्पांनी भोळेपणाचा आव आणून विचारलं. "म्हातारा माणूस, चुकून चालू ऱ्हायला म्हनायचं."

"काका, संग्रहालयाला सील लागेल," मुजावर म्हणाले. "इथे अशा हजारो टेपा आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या बाबा. लोकाच्या मेंढराला लांडगा नको."

मृदुलाताईंनी विचारलं, "मायाप्पांच्या ओव्या तुम्हाला येत असतीलच ना? त्या परंपरेच्या. त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही."

रेणुका काकांकडे पाहून हसली, पण ते हसू चेहऱ्यावर फार टिकलं नाही. "समद्या येत्यात. एक सोडून. परतीची ओवी. पाऊसकाळ सरला की मेंढरं घेऊन माणसं घाट उतरत्यात, आन् उन्हाळ्याअखेर माघारी येत्यात. माघारी आल्यावर धनगरवाड्यात म्हनायची ती ओवी. मेंढरं नदीच्या काठाला येत्यात, नदीला पूर, पल्याड गाव. हितवर येतंय आम्हाला. नदी कशी वलांडली ते म्होरक्यानं एकल्यानं सांगायचं, तिथं मागं झील न्हाई, म्हनून ते फकस्त आज्जाला ठावं होतं. कार्यक्रमात ती समदी म्हनून आला आन् त्याच सालात गेला."

"मग आता काय म्हणता?"

"आता हितवर म्हनतो आन् 'पुढचं मायाप्पाला ठावं' म्हनून भंडारा उधळतो," बिराप्पा म्हणाले. "साठ सालं झाली. मेंढरं काठालाच हुबी हायत."

मग रेणुका उठली. "बाई, आई हाय तुमची. तुम्ही घ्या. आमची मेंढरं एवढी थांबली, आनखी थांबतील." हे बोलताना तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मृदुलाताईंना त्या वाक्यापासून सुटका मिळाली नाही. ती भांडली असती तर सोपं झालं असतं.

दाराशी पोचलेल्या त्या दोघांच्या मागे मृदुलाताई गेल्या. "बिराप्पा काका, ओवी एकदाच ऐकायला मिळाली तर लक्षात राहील?"

"ऐकून न्हाई ऱ्हात."

मृदुलाताईंना क्षणभर हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली.

"झील धरावी लागती," बिराप्पा पुढे म्हणाले. "आमच्यात कोन लिहून घेत न्हाई, घोकत न्हाई. म्होरल्यानं सोडायची, मागल्यानं उचलायची. एकदा झील धरली की ओवी बसती. ती मग मानूस मेल्याबिगर उठत न्हाई."

पुढचे दोन दिवस मृदुलाताईंनी नेहमीची कामं केली. इतर टेपा सुकवल्या, यंत्रांची हेडं स्पिरिटने पुसली. आप्पांनी काही विचारलं नाही. फक्त सदरा घालून बसत राहिले. एकदा जेवताना म्हणाले, "माझा डावा कान बरा आहे अजून. त्या बाजूला लाव स्पीकर." मृदुलाताईंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

त्यांनी हिशेब करून पाहिला, कारण तोच त्यांचा स्वभाव होता. एका पारड्यात एका घरातला एक आवाज, दुसऱ्यात अनेक वाड्यांतली एक ओवी. हिशेब चोख होता आणि त्याने काहीच ठरत नव्हतं. त्यांना आईचा आवाज हवा होता. जन्मभर हवा होता. ओवीची थोरवी पटल्याने ते हवंपण तसूभरही कमी होत नव्हतं.

सोमवारी सकाळी दोन्ही यंत्रं तयार होती. डावीकडे खोलवाचक, काचेच्या पेटीत, गाजावाजा न करता. उजवीकडे जुनं वाजवायचं धूड. रेणुका आणि बिराप्पा मृदुलाताईंच्या निरोपावरून आले होते, पण निर्णय काय ते त्यांना माहीत नव्हतं. मुजावर दारात उभे होते. सगळ्यांचे मोबाईल बाहेर टोपलीत.

मृदुलाताईंनी टेप हातात घेतली आणि उजवीकडे वळल्या.

"मॅडम," मुजावर हळूच म्हणाले, "परत फिरता येणार नाही."

"माहीत आहे. बिराप्पा काका, पुढे येऊन बसा. घसा साफ करून घ्या."

रेणुका काही बोलायला गेली. मृदुलाताईंनी हाताने तिला खाली बसवलं आणि कळ दाबली.

पडद्यावर आधी रंगीत पट्टे आले, मग फेटा बांधलेला एक उंच माणूस. काचेपलीकडून कोणा अनोळखी ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, "मायाप्पा, सकाळी काय खाल्लंत?"

"भाकरी आन् कोरड्यास. तुमचा च्या बी पेलो, पर त्यात च्या नव्हता, निस्ती साखर व्हती."

रेणुका मोठ्याने हसली आणि तिने तोंडावर पदर दाबला. आजोबांना तिने कधी पाहिलं नव्हतं.

ढोल घुमला. मायाप्पांनी पहिली ओळ सोडली आणि खोलीतल्या बिराप्पांनी, पडद्यावरच्या झीलकऱ्यांच्या बरोबरीने, तिचं शेपूट उचललं. पडद्यावरच्या त्या झीलकऱ्यांत मिसरूड न फुटलेला एक पोरगा होता, तोही बिराप्पाच. दोघे एका सुरात म्हणत होते. मेंढरं घाट चढली, माळ ओलांडून काठाला आली. नदीला पूर होता. इथपर्यंत रेणुकाही झील धरत होती. इथे ती थांबली, आणि पडद्यावरचे झीलकरीही थांबले, पोरगा बिराप्पाही.

मायाप्पा थांबले नाहीत. त्यांनी गद्यात सांगितलं, सावकाश, कानाला हात लावून. मेंढक्याने देवाला हाक मारली नाही. त्याने कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी पुढे केली, कारण लहानपणी तिने हीच नदी ओलांडली होती. तिला वाट आठवते का, एवढंच त्याने विचारलं. आणि ओळ सोडली :

"म्हातारी चालली पान्यात, मागं चाललं गनगोत..."

"चाललं गनगोत!" बिराप्पांनी उचललं. डोळ्यांतलं पाणी फेट्याच्या शेवाने पुसत त्यांनी पुढची ओळ उचलली, त्याच्या पुढची उचलली. रेणुका मागून आली. यंत्राच्या पोटात काळी भुकटी साचत होती. चित्रावर पांढरे फरांटे उठू लागले, चेहरा पुसट होत गेला. आवाज मात्र टिकून होता, आणि मेंढरं एकेक करून पल्याड गेली.

मग खरखर. मृदुलाताईंनी यंत्र बंद केलं नाही. त्यांना पुढचं ठाऊक होतं.

"उद्या या हं! बिळाचं दार उघडं आहे!"

"दार उघडं आऽऽहे!" बिराप्पांनी सवयीने झील दिली, आणि स्वतःच दचकले. "ह्ये कोन बोललं?"

"माझी आई," मृदुलाताई म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या. पट्टी तुटून चाकाभोवती फडफडली.

घरी आप्पा सदरा घालून बसले होते. त्यांनी लेकीचा चेहरा वाचला. तरी तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, क्रमाने. मायाप्पांची न्याहारी, म्हातारी मेंढी, भुकटी.

"लेव्हल गेली म्हणायची," आप्पा म्हणाले.

"गेली. मी घालवली, आप्पा. तुम्ही वाट पाहत होतात आणि मी..."

"माझ्यासाठी नव्हतो गं पाहत." आप्पांनी कपाळाला बोट लावलं. "माझ्याकडे आहे ती. इथे. तुझ्याकडे नाही, म्हणून म्हटलं."

मृदुलाताई बऱ्याच वेळाने उठल्या. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मलमलीत गुंडाळलेली, साळू होती : घोंगडीच्या तुकड्याचं अंग, खराट्याच्या काड्यांचे काटे, नाकाला काळं बटण. आजवर त्यांनी तिला दरवर्षी ऊन दाखवलं होतं, पण हातात कधी चढवली नव्हती. ती कंपनीची होती, आईची होती. आता ती कोणाचीही होती. आईच्या बोटांनी घडलेल्या पोकळीत त्यांची बोटं नेमकी बसली.

आप्पांच्या पलंगाच्या उशाशी उंच फळी होती. साठी उलटलेल्या मृदुलाताई गुडघे धरत तिच्यामागे खाली बसल्या आणि त्यांनी हात वर केला.

आप्पांनी मान वळवली. फळीवरून साळूचं नाक वर आलं होतं. क्षणभर त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यांचा उजवा हात चादरीवर सरकला, आणि अंगठा व बोट एका नसलेल्या बटणावर जाऊन टेकले.

"लेव्हल दे," ध्वनिमुद्रक शामराव चौगुले म्हणाले. "सकाळी काय खाल्लंस?"

साळूने नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. मग एक किनरा आवाज आला, आधी अडखळत.

"ढगांचं थालीपीठ."

"ऐकू येत नाही."

"ढगांचं थालीपीठ! वर वाऱ्याचं लोणी!"

आप्पांनी बोटांनी बटण किंचित उजवीकडे फिरवलं, मान कलती करून डावा कान पुढे केला आणि समाधानाने हात वर उचलला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चालू."